मॅकवर ई-लर्निंग: कोणती सॉफ्टवेअर घ्यावीत, कोणती थांबली तरी चालतील

ई-लर्निंगमध्ये नव्याने येणारी मुलं हमखास विचारतात, मॅकबुक घेतलं तर काम अडेल का? अडत नाही. मी कित्येक वर्षं मॅकवरच कोर्स करतेय आणि मनापासून सांगते, हे यंत्र या कामाला फार चांगलं आहे. फक्त एक गोष्ट पक्की धरा. कोर्स तुम्ही मॅकवर कराल, पण तो उघडणारा माणूस बहुतेक वेळा ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवर नाहीतर अँड्रॉइड फोनवर असेल. सॉफ्टवेअर निवडताना आधी त्याचा विचार करायचा, आपली आवड नंतर.

पहिला प्रश्न स्टोरीलाइनचा, म्हणजे कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरचा. पुण्यातल्या ई-लर्निंग कंपन्यांच्या जाहिराती चाळल्यात तर हे नाव पुन्हापुन्हा दिसेल, आणि ते विंडोजवरच चालतं. आयस्प्रिंग सूट या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचंही तसंच. इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्पने थेट विंडोज टाकता यायचं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये एम१ चिपचे मॅक आले आणि त्यांच्यावर ती सोय राहिली नाही. आता रस्ता पॅरलल्स डेस्कटॉपचा, म्हणजे मॅकच्या आतच विंडोज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. त्यात एआरएमसाठीचं, म्हणजे एम१सारख्या चिपवर चालणारं विंडोज ११ टाकायचं आणि त्यात स्टोरीलाइन. काम व्यवस्थित होतं, पण दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करून ठेवा.

एक, फाइल कुठे ठेवता ते बघा. पॅरलल्स सोयीसाठी मॅकचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स विंडोजमध्येही दाखवतं. दिसायला ते नेहमीचेच फोल्डर, पण स्टोरीलाइनच्या दृष्टीने ती नेटवर्कवरची जागा असते. तिथे प्रोजेक्ट ठेवून काम केलं की सेव्ह करताना किंवा पब्लिश करताना फाइल बिघडण्याची भीती असते. म्हणून सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करा, तिथेच काम करा, आणि दिवस संपला की प्रत मॅककडे काढून ठेवा. दुसरी गोष्ट छोटी आहे. स्टोरीलाइनमध्ये प्रिव्ह्यू एफ१२ ने होतो आणि मॅकवर तीच की आवाज वाढवते. सेटिंगमध्ये जाऊन एफच्या कीज साध्या फंक्शन कीज म्हणून चालू करा, नाहीतर दर वेळी एफएन दाबत बसावं लागतं.

मशीन घेताना मेमरी (रॅम) १६ जीबीपेक्षा कमी नको. एकावेळी दोन सिस्टिम चालणार, आणि एम मालिकेच्या मॅकमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही. जुना ८ जीबीचा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका.

स्टोरीलाइन लागणारच नसेल तर हा सगळा खटाटोप वाचतो. कोर्स बनवायचं राइज ब्राउझरमध्ये चालतं. त्याच कामाचं अडोबी कॅप्टिव्हेट मॅकवर थेट येतं. पैसे न घालता शिकायचं असेल तर माझा सल्ला एच५पी, म्हणजे क्लिक करत सोडवायचे धडे बनवायचं मोफत साधन, आणि ते मॅकवर वापरायचं ॲप लुमी. लुमी मॅकवर फुकट उतरवता येतं, त्यात प्रश्नमंजूषा, व्हिडिओत मध्येच थांबून विचारलेले प्रश्न असं बरंच करता येतं आणि स्कॉर्म पॅकेजही निघतं, म्हणजे एलएमएसवर (कोर्स चालवून गुण नोंदवणाऱ्या सिस्टिमवर) चढवायची ठरावीक पद्धतीची झिप. मूडल ही एलएमएस वापरणाऱ्या कॉलेजांसाठी काम करायचं असेल तर एच५पी यायलाच हवं.

मॅकचं खरं बळ कच्चा माल तयार करण्यात आहे. गॅरेजबँड बरोबर फुकट मिळतं आणि निवेदनाच्या ध्वनिमुद्रणाला पुरून उरतं. स्क्रीनचं चित्रण कमांड, शिफ्ट आणि ५ दाबून सुरू होतं. त्यावर झूम, बाण, कर्सर मोठा करणं हवं असेल तर स्क्रीनफ्लो किंवा कॅम्टेशिया घ्या. टीममध्ये विंडोजवाले असतील तर कॅम्टेशियाच, कारण स्क्रीनफ्लो मॅकबाहेर नाही. आणि कीनोटला कमी लेखू नका. दोन स्लाइडवर एकच आकृती वेगळ्या जागी ठेवून मधे मॅजिक मूव्ह लावलं की ती आपोआप सरकते. पंपातून पाणी कसं वर चढतं किंवा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कसा जातो, हे दाखवायला वेगळं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर लागत नाही. मूव्ही म्हणून एक्स्पोर्ट करायचं, झालं.

मराठी कोर्स करणाऱ्यांनी फाँटकडे जास्त लक्ष द्यावं. मॅकवर कोहिनूर देवनागरी सुरेख दिसतो, पण विंडोजवर तो नसतो. तिथे मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडतो, ओळी लांबतात आणि बटणावरचा शब्द तुटतो. मी ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फाँट किंवा नोटो सान्स देवनागरी वापरते. दोन्ही मोफत आहेत आणि कोर्ससोबत जोडून देता येतात. ‘पुढे’, ‘मागे’, ‘उत्तर तपासा’ ही बटणंही मराठीत करा. राइजमध्ये ही लेबलं बदलायची सोय आहे. मराठी कोर्समध्ये मधेच इंग्रजी ‘कंटिन्यू’ आलं की शिकणाऱ्याला परकं वाटतं, आणि ते मला अजिबात पटत नाही.

आता झिपबद्दल, कारण नवीन मुलं इथे हमखास अडकतात. स्कॉर्म पॅकेजमध्ये ‘आयएमएसमॅनिफेस्ट’ नावाची एक्सएमएल फाइल असते आणि ती झिपच्या अगदी पहिल्या पातळीवर लागते. पॅकेज उघडून एखादी दुरुस्ती केली आणि फाइंडरमध्ये (मॅकच्या फाइल दाखवणाऱ्या ॲपमध्ये) त्या फोल्डरवरच कॉम्प्रेस दाबलं, तर फाइल एक पातळी आत जाते आणि एलएमएसला ती सापडत नाही. म्हणून फोल्डर उघडा, आतलं सगळं निवडा आणि मग कॉम्प्रेस करा. तरीही मॅक त्यात स्वतःच्या लपलेल्या फाइली घालतोच. बऱ्याच एलएमएसना त्यांचं काही वाटत नाही, काही मात्र पॅकेज नाकारतात. केका नावाच्या झिप करायच्या ॲपमध्ये त्या वगळायचा पर्याय आहे, तो चालू ठेवा.

झिप झाली की ती स्कॉर्म क्लाउड या पॅकेज तपासायच्या वेबसाइटवर चढवून बघा. चाचणीपुरतं मोफत खातं मिळतं. गुण नोंदले गेले का, मधेच बंद करून पुन्हा उघडल्यावर कोर्स तिथूनच सुरू होतो का, हे दोन्ही तपासा. सफारीत आवाजासह व्हिडिओ बहुधा आपोआप सुरू होत नाही, म्हणून पहिल्या स्क्रीनवर ‘सुरू करा’ असं बटण ठेवा. मग पॅरलल्समधल्या विंडोजच्या एज ब्राउझरमध्ये एकदा आणि घरातल्या कुणाच्या तरी साध्या अँड्रॉइड फोनवर, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, एकदा पूर्ण कोर्स करा. त्यानंतरच क्लायंटला पाठवा.