भांडण पेटायच्या आधी मोहल्ला कमिटी कशी उभी करायची

इलेक्शन आलं की सोसायटीचे, गावाचे ग्रुप फुटायला लागतात आणि तेव्हा लोक विचारतात आता काय करू, पण तोवर उशीर झालेला असतो हो. हे काम शांत दिवसांतच करायचं, भिवंडीने करून दाखवलंय. 1970 आणि 1984 ला तिथे भयंकर हिंदू-मुस्लिम दंगली झाल्या, मग सुरेश खोपडे तिथे पोलिसांचे डीसीपी असताना मोहल्ला कमिट्या, म्हणजे दोन्ही समाजांची गल्लीतली साधी माणसं आणि पोलीस एकत्र बसतील अशा समित्या, सुरू झाल्या, आणि डिसेंबर 1992 ला शेजारी मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पॉवरलूमच्या धंद्यात दोन्हीकडचे लोक आधीपासून होतेच की, तरी दंगली झाल्या, म्हणजे नुसता धंद्याचा संबंध पुरत नाही, ठरवून बसावं लागतं.

आधी माणसं गोळा करा. पुढारी नकोत, रिक्षावाला, किराणावाला, क्लासच्या मॅडम, मंडळाचा एखादा पोरगा असे घ्या, दोन्हीकडून सारखेच. बायका पाहिजेतच, गल्लीत काय शिजतंय ते त्यांना आधी कळतं.

पहिले तीन-चार महिने धर्म, जात, पक्ष काढायचाच नाही. गटार, पाणी, पार्किंग एवढंच. एखादं काम मिळून झालं ना, की माणूस समोरच्याला नावाने हाक मारायला लागतो, मग मिरवणुकीचा रस्ता, स्पीकर कधी बंद करायचा हे विषय घ्या, सणाच्या पंधरा दिवस आधी, बीटच्या हवालदाराला बसवून, कागदावर लिहून.

अफवांचं सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येकाकडे पलीकडच्या दोघांचे नंबर पाहिजेत, मेसेज आला की फॉरवर्ड करायच्या आधी फोन, "भाऊ, तुमच्याकडे खरंच काही झालंय का?" व्हॉट्सअॅपने 2018 ला भारतात एका वेळी पाचच चॅटची लिमिट घातली, पण तेव्हाही दोनशे-दोनशेचे पाच ग्रुप म्हणजे हजार माणसं व्हायचीच की.

आरक्षणावरून 2023 पासून मराठवाड्यात मराठा-ओबीसी असा जो दुरावा आलाय तिथे पण मला हेच करावंसं वाटतं. आरक्षणावर कोणाचं मत बदलायला जाऊ नका, "तुझ्या घरात काय अडचण आहे" एवढं विचारा आणि मधे न बोलता ऐका, त्याच्या पोराची फी, नोकरी, विहिरीचं पाणी, सगळं निघतं.

कोणी मीटिंगला यायचा बंद झाला तर ग्रुपवर काही टाकू नका, दोघं जण, एक इकडचा एक तिकडचा, त्याच्या घरी जा.