वेबसाइटवर फोटो टाकताना या चुका टाळा (मी सगळ्या केल्यात)

ट्रेकचं लिहायला छोटी वेबसाइट काढली होती, त्यात हरिश्चंद्रगडावर लेख टाकला, पण आम्ही गेलो तेव्हा कोकणकड्यावर धुक्याशिवाय काही म्हणजे काही दिसलं नव्हतं, मग काय, गूगलवर इंद्रवज्राचा (कड्यावरून धुक्यात दिसणारं गोल इंद्रधनुष्य) एक जबरी फोटो सापडला तो उचलला आणि खाली इमानदारीत लिहिलं 'फोटो साभार: गूगल'. आठ महिन्यांनी ज्याने तो काढला त्याचा मेल. माणूस सभ्य होता, भांडला नाही, एवढंच विचारलं की दोन पावसाळे कड्यावर मी बसलो होतो का गूगल?

गूगल फक्त फोटो शोधून दाखवतं, ते त्याच्या मालकीचे नसतात. आणि साभार लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही होत. फोटोवर कॉपीराइटचं चिन्ह नाही, कुठे रजिस्टर केलेला नाही, तरी काही फरक पडत नाही, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढला की हक्क आपोआप येतो आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो फोटोग्राफर असेपर्यंत अन् त्याच्या मागे ६० वर्षं राहतो. गड सगळ्यांचा, फोटो त्याचा.

'मी कुठे पैसे कमावतोय' हा माझा लाडका बचाव होता. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींच्या बातम्या अशांना सूट आहे खरी, पण अख्ख्या जगाला दिसणारं पान खाजगी कसं म्हणणार? कमाई नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, बस एवढंच.

वॉटरमार्क (फोटोवर उमटवलेलं मालकाचं नाव) क्रॉप करायची आयडिया तर सोडूनच द्या. हक्काची माहिती मुद्दाम काढून टाकणं हा कलम ६५-बी खाली वेगळा गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्याच्या साइटवरच्या इमेजची लिंक तशीच चिकटवू नका, त्याचा डेटा फुकट जळतो आणि त्याने उद्या तिथे भलतंच चित्र ठेवलं तर ते तुमच्या पानावर दिसणार.

मग फोटो आणायचे कुठून? विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियावाल्यांचा मोफत फोटोंचा साठा) भरपूर आहेत, पण तिथेही लोक लायसन्स न वाचता उचलतात. सीसी बाय (क्रिएटिव्ह कॉमन्सचं, श्रेय देऊन वापरायचं लायसन्स) असेल तर फोटोग्राफरचं नाव, लायसन्सची लिंक, काही बदल केला असेल तर तेही लिहायचं. बाकी साइट्सवर लायसन्सला एनसी किंवा एनडी जोडलेलं दिसेल: एनसी म्हणजे धंद्यासाठी नाही, पानावर जाहिराती असतील तर नकोच. एनडी म्हणजे बदल करून टाकायचा नाही. राजा रविवर्मांची चित्रं मोकळी आहेत, ते १९०६ मध्येच गेले. आणि हो, स्वतःच्या लग्नाचे पैसे देऊन काढून घेतलेले फोटो, तिथे गंमत उलटी आहे, वेगळा करार नसेल तर हक्क पैसे देणाऱ्याचा, म्हणून फोटोग्राफरने सही घेतलेला कागद एकदा वाचा.

मेल आलाच तर गप्प बसू नका आणि घाबरून लगेच पैसेही पाठवू नका. समोरचा खरा कोण ते बघा, 'पुरावा इथे बघा' अशी लिंक असेल तर क्लिक नको, त्यातून व्हायरस पाठवणारे आहेत. फोटो तुम्ही लायसन्स बघून घेतला असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट कामाला येतो (घेताना काढून ठेवलेला असेल तर!). लायसन्स न बघताच उचलला असेल तर फोटो साइटवरून हटवा, साधं उत्तर द्या, आणि रक्कम मोठी मागत असतील तर वकिलाला दाखवा.

फोटो हटवताना मी परत गंडलो. लेखातून उडवला, त्याला कळवलं, तर त्याचा रिप्लाय की अजून दिसतोय. वर्डप्रेसमध्ये (माझी साइट ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर) लेखातून काढला तरी मीडिया लायब्ररीत, म्हणजे अपलोड केलेल्या फाइल्सच्या साठ्यात, फाइल तशीच राहते, डायरेक्ट लिंकने उघडते. तिथून कायमची डिलीट करा, मग कॅशे (पानाची साठवलेली जुनी कॉपी) साफ करा, आणि फीचर्ड इमेज, म्हणजे लेखाचं मुख्य चित्र, बघायला विसरू नका, माझी तीच राहिली होती.

आता त्या लेखात माझाच फोटो आहे. नुसतं पांढरं धुकं, कोपऱ्यात मित्राची छत्री.