जपानमध्ये कुठे गप्प राहावे आणि कुठे बोलावे

जपानला नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी निघालेल्या माणसाला जाण्यापूर्वी अनेक नियम ऐकवले जातात. भातात चॉपस्टिक उभ्या रोवू नयेत, पादत्राणे दारातच काढावीत, रस्त्याने खात चालू नये, असे त्यांचे स्वरूप असते. हे नियम खरे आहेत, पण नुसते पाठ केल्याने ते ऐन वेळी आठवत नाहीत. त्यापेक्षा प्रत्येक प्रसंगी स्वतःला एकच प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी, असे मला वाटते: इथे गप्प राहायचे आहे की बोलायचे आहे, आणि बोलायचे असेल तर ठरलेले वाक्य कोणते? जपानी माणूस अबोल असतो, हा आपल्याकडचा समज अर्धाच बरोबर आहे. आगगाडीत तो अबोल असतो. पण घरात पाऊल टाकताना, जेवण्यापूर्वी, कार्यालयातून निघताना आणि प्रेम व्यक्त करताना ठरलेले शब्द उच्चारल्यावाचून त्याचे पुढे चालत नाही. त्या क्षणी आपण मौन पाळले, तर ते नम्रता म्हणून नव्हे, अनास्था म्हणून घेतले जाते.

घर, शेजार आणि कचरा

दीर्घ मुदतीच्या व्हिसावर नारिता, हानेदा किंवा कान्साई यांसारख्या मोठ्या विमानतळावर उतरल्यास निवासपत्र, म्हणजे परदेशी रहिवाशाचे ओळखपत्र, तेथेच मिळते. राहण्याचा पत्ता निश्चित झाल्यापासून १४ दिवसांच्या आत प्रभाग कार्यालयात किंवा नगर कार्यालयात जाऊन तो नोंदवावा लागतो, आणि निवासपत्र कायम जवळ बाळगावे लागते. नोकरीच्या ठिकाणचा आरोग्य विमा नसेल, तर त्याच खेपेस राष्ट्रीय आरोग्य विम्याची नोंदणीही करून घ्यावी. त्यानंतर डॉक्टरांच्या बिलाचा साधारणपणे ३० टक्के भागच आपल्याला भरावा लागतो.

सरकारी नोंदणी झाली, की शेजाऱ्यांकडे वळावे. नव्या घरात राहायला आल्यावर पहिल्या काही दिवसांत दोन्ही बाजूंच्या आणि इमारत असल्यास वरच्या व खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडांकडे जाऊन आपले नाव सांगण्याची आणि एखादा टॉवेल किंवा बिस्किटांचा लहानसा डबा देण्याची पद्धत आहे. त्या वेळी ‘योरोशिकु ओनेगाइशिमासु’ (साधारण अर्थ ‘आमच्यावर लोभ असू द्या’) एवढे म्हणून परत फिरावे; आत जाऊन बसण्याची अपेक्षा नसते. मोठ्या शहरांत, विशेषतः एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, सुरक्षिततेच्या कारणास्तव ही भेट टाळतात आणि त्यात कोणी वावगे मानत नाही. कुटुंबासह राहणाऱ्यांनी मात्र ती अवश्य घ्यावी, कारण लहान मुलांच्या पावलांचा आवाज खालच्या घरात जाणारच असतो आणि आधी तोंडओळख झालेली असली म्हणजे तो आवाज अधिक सहन केला जातो. जपानमध्ये तक्रार करायला शेजारी सहसा स्वतः येत नाही. तो इमारतीच्या व्यवस्थापन कंपनीला कळवतो आणि तिची चिठ्ठी आपल्या टपालपेटीत येते. म्हणून रात्री उशिरा कपडे धुण्याचे यंत्र लावणे आरंभापासूनच टाळावे.

कचऱ्याकडे मी सर्वांत अधिक लक्ष देण्यास सांगेन, कारण परदेशी माणसाविषयी शेजाऱ्यांचे मत बहुधा तिथेच बनते. जळणारा, न जळणारा आणि पुनर्वापराचा, असे कचऱ्याचे मुख्य प्रकार असतात. त्यांचे वार, पिशव्या आणि पोटप्रकार प्रत्येक नगरपालिकेनुसार बदलतात. पत्ता नोंदवताना कचऱ्याचे वेळापत्रक मागून घ्यावे आणि ते स्वयंपाकघरात लावून ठेवावे. प्लास्टिकच्या बाटलीचे झाकण व वेष्टन काढून, ती विसळून, दाबून मग ठेवायची असते. कचरा आदल्या रात्री न ठेवता ठरलेल्या दिवशी सकाळी, बहुतेक ठिकाणी ८ वाजण्यापूर्वी ठेवावा. टोकियोच्या २३ प्रभागांत ज्या वस्तूची एखादी बाजू सुमारे ३० सेंटिमीटरहून मोठी असते, ती ‘सोदाइ गोमि’ म्हणजे मोठा कचरा ठरते. तिच्यासाठी दूरध्वनीवर किंवा ऑनलाइन वेळ घ्यावी लागते, कोंबिनीतून म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानातून शुल्काचा स्टिकर विकत घ्यावा लागतो आणि तो वस्तूवर चिकटवावा लागतो. दूरचित्रवाणी संच, शीतकपाट, धुलाई यंत्र आणि वातानुकूलन यंत्र या कचऱ्यात चालत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा कायदा आणि वेगळे शुल्क आहे. चूक झाली, तर गाडी ती पिशवी उचलत नाही आणि तिच्यावर कारण सांगणारा कागद चिकटवून जाते. कोणी रागावत नाही, पण तो कागद येणारे-जाणारे सगळे वाचतात. अशी पिशवी लगेच घरात आणावी आणि पुन्हा वर्गवारी करावी.

रस्त्यावर कचराकुंड्या फारशा दिसणार नाहीत. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारीन वायूचा हल्ला झाल्यानंतर सार्वजनिक जागांतील अनेक कुंड्या हलवण्यात आल्या. बाहेर पडताना एक लहान पिशवी जवळ ठेवावी आणि आपला कचरा घरी आणावा.

खरेदी आणि खाणे

दुकानात शिरताच ‘इराश्शाइमासे’ असे स्वागत होते. त्याला उत्तर द्यायचे नसते. मान किंचित लववली तरी पुरे. पैसे विक्रेत्याच्या हातात न देता समोरच्या लहान तबकात ठेवावेत. दर ठरलेले असतात, घासाघीस करू नये, आणि उपाहारगृहात किंवा टॅक्सीत बक्षिसी ठेवू नये. ठेवल्यास आपण पैसे विसरलो असे समजून कर्मचारी मागे धावत येण्याचा संभव असतो.

कोंबिनीत मात्र विक्रेता भराभर प्रश्न विचारतो आणि नवखा माणूस तिथे गोंधळतो. ‘फुकुरो’ हा शब्द ऐकू आला, तर पिशवी हवी का असे विचारले आहे. जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे द्यावे लागतात. ‘आतातामेमासु का’ म्हणजे पदार्थ गरम करून देऊ का. हवे असल्यास ‘ओनेगाइशिमासु’ म्हणावे आणि नको असल्यास ‘दाइजोबु देसु’. या दुसऱ्या उत्तराचा शब्दशः अर्थ ‘ठीक आहे’ असा असल्यामुळे आपण होकार देतो आहोत असे वाटते, पण या प्रसंगी तो नकारच असतो. ऑक्टोबर २०१९ पासून उपभोग कर १० टक्के आहे, तर खाद्यपदार्थ आणि मद्यविरहित पेये यांवर तो ८ टक्के आहे. तोच पदार्थ दुकानातल्या खुर्चीवर बसून खाल्ला, तर १० टक्के लागतो. काटकसर करणाऱ्याने संध्याकाळी उशिरा सुपरमार्केटमध्ये किंवा मोठ्या भांडारांच्या तळघरातील खाद्यविभागात जावे, कारण बंद होण्याच्या सुमारास तयार जेवणाच्या डब्यांवर सवलतीचे, काही वेळा निम्म्या किमतीचे, स्टिकर लावले जातात.

शाकाहारी माणसाने खाण्याच्या बाबतीत संकोच बाजूला ठेवावा. ‘मांस नको’ एवढे सांगणे पुरेसे नसते, कारण मिसो सूप, नूडलचा रस्सा आणि शिजवलेल्या भाज्या यांचा पाया असलेली ‘दाशी’ बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाची असते, आणि ती मांसात गणली जात नाही. ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’ म्हणजे ‘मी मांसही खात नाही आणि मासेही खात नाही’, हे वाक्य पाठ करावे आणि दाशी कशाची आहे हे विचारावे. हे सांगण्याची जागा महत्त्वाची आहे: शक्यतो आदल्या दिवशी दूरध्वनीवर, निदान पदार्थ मागवण्यापूर्वी. आधी सांगितलेली अडचण जपानी उपाहारगृह फार मनापासून सोडवते. पदार्थ समोर आल्यावर सांगितली, तर स्वयंपाकी आणि आपण दोघेही अवघडतो. बौद्ध मठांतील ‘शोजिन ऱ्योरी’ या भोजनात मांसमच्छीच नव्हे, तर परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य असतो. वाकायामा प्रांतातील कोयासान येथे मठांत मुक्काम करून ते जेवता येते. टोकियोत एदोगावा प्रभागातील निशि-कासाइ या भागात भारतीय वस्ती मोठी असल्यामुळे डाळी, पीठ आणि मसाले सहज मिळतात.

प्रवास

रोजच्या प्रवासासाठी सुइका, पासमो किंवा ओसाकाकडे इकोका यांपैकी एक कार्ड घ्यावे. २०१३ पासून ही प्रमुख कार्डे एकमेकांच्या क्षेत्रात चालतात, पण एका क्षेत्रात आत शिरून दुसऱ्या क्षेत्रात बाहेर पडणारा लांबचा प्रवास त्यावर साधारणपणे होत नाही. त्यासाठी तिकीटच काढावे. डब्यात फोन ‘मॅनर मोड’वर, म्हणजे आवाज बंद करून, ठेवावा आणि कॉल घेऊ नये. पाठीवरची बॅग गर्दीत पुढे घ्यावी. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे आणि ओसाकात उजवीकडे उभे राहण्याची सवय असली, तरी आता चालत न जाता दोन्ही बाजूंना उभे राहण्याचे आवाहन केले जाते, आणि सायतामा प्रांताने २०२१ मध्ये तसा स्थानिक नियमच केला.

या शांततेतही बोलण्याच्या जागा आहेत. गर्दीतून उतरताना नुसते ढकलू नये; ‘सुमिमासेन, ओरिमासु’ (‘माफ करा, उतरायचे आहे’) म्हटले की वाट होते. शिन्कान्सेन या अतिवेगवान रेल्वेत आसनाची पाठ मागे झुकवण्यापूर्वी मागच्या प्रवाशाला एक शब्द विचारावा.

टोकियो ते शिन-ओसाका हे सुमारे ५१५ किलोमीटरचे अंतर शिन्कान्सेनची नोझोमी ही गाडी अडीच तासांत कापते. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरहून अधिक होणारी बॅग असेल, तर या मार्गावर सामानाची जागा असलेले आसन आधी आरक्षित करावे लागते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे ‘ताक्क्यूबिन’: बॅग कोंबिनीतून पुढच्या मुक्कामी पाठवावी, ती बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते. पर्यटकांसाठीच्या सात दिवसांच्या रेल्वे पासची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. टोकियो-क्योतो येण्याजाण्याचा खर्च साधारण २८,००० येन होत असल्यामुळे केवळ एवढ्या फेरीसाठी तो घेऊ नये. एप्रिलअखेर ते मेच्या आरंभापर्यंतचा ‘गोल्डन वीक’ हा सुट्यांचा काळ, ऑगस्टमध्यातील ओबोन हा पूर्वजस्मरणाचा सण आणि नववर्ष या दिवसांत शक्य असल्यास लांबचा प्रवास टाळावा.

ओळख, प्रेम आणि विवाह

शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते, आणि तिथले दोन माणसांचे भेटणेही तिच्याच वेळेत बसवलेले असते. आपल्यासोबतच्या व्यक्तीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे आपणहून विचारणे आणि तिला वेळेवर स्थानकापर्यंत पोहोचवणे हा मोठा सौजन्याचा भाग आहे.

दोन-तीनदा एकत्र जेवले किंवा फिरायला गेले, म्हणजे नाते सुरू झाले असे जपानमध्ये मानत नाहीत. ते सुरू होते ‘कोकुहाकु’ने, म्हणजे स्पष्ट शब्दांत दिलेल्या कबुलीने. ‘सुकी देसु, त्सुकिआत्ते कुदासाइ’, म्हणजे ‘मला तुम्ही आवडता, माझ्याशी नाते जोडा’, असे एकाने म्हणायचे आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे. होकार आला, की त्या दिवसापासून दोघे एकमेकांचे मानले जातात आणि इतरांशी तशा भेटी थांबतात. मला ही पद्धत अतिशय प्रामाणिक वाटते, कारण गैरसमजाला तिच्यात जागा उरत नाही. परदेशी माणूस मात्र नजरेने आणि वागण्याने सगळे कळले असे धरून चालतो आणि महिनोन् महिने संभ्रमात राहतो.

होकार स्पष्ट असला, तरी नकार मात्र सूचक असतो. ‘चोत्तो...’ (‘जरा...’) म्हणून वाक्य अर्धवट सोडणे, किंवा ‘पुन्हा कधीतरी’ म्हणून तारीख न देणे, म्हणजे नाही. तिथे पुन्हा विचारू नये. सहकाऱ्याच्या बाबतीत तर मुळीच नाही. संबोधनात आडनावाला ‘सान’ लावावे आणि समोरच्याने सांगितल्यावाचून नुसत्या नावाने हाक मारू नये. बिल बहुधा ‘वारिकान’, म्हणजे वाटून दिले जाते. हातात हात घेऊन चालणे रूढ आहे. स्थानकावर मिठी मारून निरोप घेणे अनेकांना अवघड वाटते.

सणांचे अर्थही निराळे आहेत. १४ फेब्रुवारीला चॉकलेट स्त्री पुरुषाला देते. त्यात मनापासूनचे ‘होन्मेइ’ आणि केवळ शिष्टाचाराचे ‘गिरी’ असा भेद आहे, आणि कार्यालयातील शिष्टाचाराची चॉकलेटे आता अनेक ठिकाणी बंद होत आहेत. ज्याला भेट मिळाली, त्याने १४ मार्चला, ‘व्हाइट डे’ला, परतभेट द्यायची असते; ती चुकवू नये. नाताळची पूर्वसंध्या प्रेमिकांची आणि नववर्ष कुटुंबाचे असते, म्हणून डिसेंबरच्या २४ तारखेला बाहेर जेवायचे असेल, तर कित्येक आठवडे आधी जागा राखून ठेवावी.

विवाहाच्या हेतूने जोडीदार शोधण्याला ‘कोंकात्सु’ म्हणतात. टोकियो महानगर शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्वतःचे विवाहजुळणी ॲप सुरू केले. त्यासाठी अविवाहित असल्याचा अधिकृत पुरावा द्यावा लागतो. कोणी आपल्या आईवडिलांची भेट घालून देत असेल, तर विषय विवाहाचाच आहे असे समजावे, आणि मनाची तयारी नसल्यास भेटीपूर्वीच तसे बोलावे.

कायद्याच्या दृष्टीने जपानमध्ये विवाह समारंभाने होत नाही, तर प्रभाग कार्यालयात ‘कोन्इन तोदोके’ हा अर्ज स्वीकारला गेल्यावर होतो. त्यावर दोन प्रौढ साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि परदेशी व्यक्तीला विवाहास कायदेशीर अडचण नसल्याचा आपल्या देशाचा दाखला, जपानी भाषांतरासह, सहसा जोडावा लागतो. दोन जपानी व्यक्तींना विवाहानंतर एकच आडनाव घ्यावे लागते. परदेशी जोडीदार असल्यास तशी सक्ती नाही. हा अर्ज रात्री आणि सुटीच्या दिवशीही कार्यालयाच्या खिडकीवर घेतला जातो, त्यामुळे अनेक जोडपी मनातल्या तारखेला मध्यरात्रीही जातात. पण त्या खिडकीवर अर्ज केवळ ठेवून घेतात आणि तपासणी नंतर होते. म्हणून कागदपत्रे काही दिवस आधी, कामकाजाच्या वेळेत, त्याच कार्यालयात दाखवून दुरुस्त करून घ्यावीत.