पहिला पाट करताना होणाऱ्या चुका आणि त्या कशा टाळाव्यात

सुतारकामाची सुरुवात पाटाने करावी. 450 × 300 मिमीची, 20 मिमी जाड सागवानी फळी आणि तिच्याखाली 25 मिमी जाड, 40 मिमी रुंद, 260 मिमी लांब अशा दोन पट्ट्या, एवढंच लाकूड लागतं.

वखारीतून आणलेलं लाकूड त्याच दिवशी कापू नका. आठ-दहा दिवस घरात, सगळीकडून हवा लागेल असं ठेवा. ओलसर फळी रंधून सरळ केली तरी वाळताना पुन्हा पीळ खाते.

300 मिमी रुंदीची अखंड फळी सहसा मिळत नाही, मग तीन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या. रंधलेल्या दोन कडा एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरा. फट दिसली तर पुन्हा रंधा मारा. शिकंजा (फळ्या दाबून धरणारा क्लॅम्प) आवळून मिटवलेली फट पुढे सांधा उकलवते. रंधताना रेषे (लाकडातले तंतू) उचकटले तर फळी फिरवून उलट बाजूने रंधा.

कापायची खूण गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून सुरीने करा. करवत स्वतः दीड-दोन मिमी लाकूड खाते, म्हणून ती रेघेच्या टाकाऊ बाजूनेच चालवा.

सगळ्यात महागात पडते ती पट्ट्यांची चूक. लाकूड रेषांच्या दिशेने जवळपास हलत नाही, आडवं मात्र पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. 300 मिमी रुंदीत हा फरक दोन-तीन मिमी सहज पडतो. आडवी पट्टी पूर्ण लांबीला फेविकॉल लावून चिकटवली की फळी अडकते आणि ऐन उन्हाळ्यात रेषांच्या बाजूने तडकते. म्हणून फेविकॉल न लावता पट्टीला 8 नंबरचे दीड इंची तीन स्क्रू मारा. पट्टीत मधलं भोक 4.5 मिमीचं गोल ठेवा, कडेची दोन पट्टीच्या लांबीच्या दिशेने 8 मिमी लांबट करा. स्क्रूची डोकी बुडतील अशा खाचाही तशाच लांबट हव्यात. कडेचे स्क्रू करकचून आवळू नका.

पट्टी जागेवर ठेवून तिच्या भोकांतून फळीत आधी 3 मिमीचं भोक पाडा; थेट स्क्रू पिळला तर साग फाटतो. ड्रिलच्या पात्यावर टोकापासून 40 मिमीवर चिकटपट्टी गुंडाळली की भोक आरपार जात नाही.

शेवटी 80, 120, 180 नंबरचा काचपेपर क्रमाने, रेषांच्या दिशेनेच घासा. आडवे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, पॉलिश लागताच उठून दिसतात. पॉलिशचे हात खालच्या बाजूलाही तेवढेच द्या, नाहीतर ती बाजू जास्त दमट हवा शोषते आणि पाट वाकतो.