खोली आधी की बस आधी?

पदव्युत्तर शिक्षणासाठी नव्या शहरात येण्यापूर्वी मी नकाशावर अंतर मोजून खोली पक्की केली होती आणि तिथेच माझे चुकले. नकाशावर विद्यापीठ ४ किलोमीटरवर दिसत होते. प्रत्यक्षात बस मोठा वळसा घालून जात असे, आणि प्रयोगशाळेतून निघायला रात्रीचे ९ वाजले की शेवटची बस निघून गेलेली असे. पहिल्याच आठवड्यात मी तीनदा पायी परतलो.

करार सुदैवाने एकाच महिन्याचा होता. दुसऱ्या वेळी मी क्रम उलटा केला. आधी वेळापत्रक उघडून रात्री उशिरापर्यंत आणि रविवारीही धावणारे दोन मार्ग निवडले, त्यांच्या थांब्यांपासून १० मिनिटे चालण्याच्या अंतरावरच्याच खोल्या पाहिल्या, आणि जी आवडली तिथून सकाळच्या गर्दीत एकदा विद्यापीठापर्यंत स्वतः जाऊन आलो. भाडे थोडे जास्त होते. परंतु विद्यार्थी पास धरून हिशेब केला तेव्हा रात्रीच्या टॅक्सीपेक्षा ते स्वस्तच पडले.

खोली पाहताना कपाट जरा पुढे ओढले, तर मागच्या भिंतीवर ओलीचा हिरवट डाग होता. घरमालक रंग लावून द्यायला तयार होते. मी मात्र ओल कुठून येते ते आधी शोधण्याचा आग्रह धरला (नुसत्या रंगाचे लवकरच पोपडे निघतात), दुरुस्तीची अट करारात लिहून घेतली आणि किल्ली मिळाली त्याच दिवशी प्रत्येक भिंतीची छायाचित्रे त्यांना ईमेलने पाठवली. खोली सोडताना अनामत पूर्ण परत मिळाली.