न वाळणारी माती घरीच केली

पुण्यात एप्रिल-मेमध्ये शाडूचं काम अर्धवट ठेवून उठणं अवघड. ओलं फडकं गुंडाळलं तरी कान, बोटं अशा पातळ भागांना तडे जातात. शाडूला मऊ ठेवतं ते पाणी, आणि कोरड्या हवेत ते उडून जातं. म्हणून मी पाणीच काढून टाकलं आणि त्याच्या जागी मेण-तेल घेतलं. १८९७ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हार्बट यांनी शोधलेली प्लॅस्टिसिन ही न वाळणारी खेळाची मातीही तेलामुळेच मऊ राहते.

वजनाने एक भाग मधमाश्यांचं मेण, एक भाग पेट्रोलियम जेली (तेलाच्या जागी) आणि अडीच भाग शाडूची पूड. पूड उन्हात खडखडीत वाळवून वस्त्रगाळ करायची. ओल राहिली तर गरम मेणात फेस येतो. मेण साधारण ६३ अंशांना वितळतं, पण पातेलं थेट गॅसवर ठेवू नका, मेण पेट घेऊ शकतं. उकळत्या पाण्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, जेली मिसळा, मग पूड थोडी थोडी घाला. कोमट झालं की कणकेसारखं मळा. चिकट वाटलं तर पूड वाढवा, कडक झालं तर जेली.

तेलाची निवड मात्र फार महत्त्वाची. जवसाचं तेल हवेने घट्ट होतं, शेंगदाण्याचं खवट होतं. पेट्रोलियम जेलीचं दोन्ही होत नाही.

ही माती भट्टीत भाजता येत नाही. मूर्ती टिकवायची असेल तर प्लास्टरचा साचा काढावा. माती पुन्हा मळून वापरता येते.