खरिपाचा मका कोठीत भरताना: बुरशीचं विष होऊ द्यायचं नसेल तर

दादर ज्वारीची मला कधी काळजी वाटत नाही. ती उन्हाळ्याच्या तोंडावर निघते, जळगाव-धुळ्याचं ऊन तिला खडखडीत करून टाकतं. घोळ खरिपाच्या मक्याचा. दाणा भरताना पावसाने ताण दिलेला असतो, तेव्हाच बुरशी कणसात शिरते. आणि ऑक्टोबरात काढणीला आलो की परतीचा पाऊस हजर.

खुडणी, सोलणी, मळणी तुम्हाला येतेच. जमिनीला टेकलेली आणि किडकी कणसं थ्रेशरमध्ये जाण्याआधीच बाजूला काढा, नंतर दाण्यातून ती निवडणं होत नाही. थ्रेशर बेताने चालवा. फुटलेल्या दाण्यातलं पीठ उघडं पडलं की बुरशीला आयतं खाणं मिळतं.

वाळवताना ताडपत्रीवर किंवा घराच्या धाब्यावर दोन इंचांचा थर, तासातासाने हात फिरवायचा, ऊन उतरलं की गोळा करून झाकायचं. दव खाऊ द्यायचं नाही.

आता खरी अडचण: वाळला की नाही हे ठरवणं. या पायरीने मला बरेच हंगाम छळलंय. जो तो सांगतो, दाताखाली कट्ट वाजला की भरा. अहो, वरच्या थरातला ऊन लागलेला दाणा कट्ट वाजणारच! ढिगाच्या पोटातला चावून बघा. तोही वाजला तरी ओल १३ टक्के आहे की १६, हे दात सांगत नाही, आणि सगळा फरक त्या दोन-तीन टक्क्यांतच आहे. १३ टक्क्यांच्या खाली बुरशीचं काही चालत नाही. त्याहून जास्त ओल राहिली, तर आधी थोडक्या ओलीवर भागणाऱ्या बुरशा लागतात. त्यांच्यामुळे दाणा आतून ऊब धरतो, ओल आणखी वाढते, आणि मग अ‍ॅस्परजिलस फ्लेवस ही हिरवट-पिवळी बुरशी माजते. तीच अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते.

ओलमापक यंत्र असलेला व्यापारी ओळखीचा असेल तर नमुना घेऊन जा. नसेल तर मीठ वापरा. साधं मीठ तव्यावर कोरडं भाजून गार करा. ऑक्टोबरात डब्यातलं मीठ स्वतःच ओलं असतं, ही पायरी गाळली तर बाकी सगळं फुकट. काचेची कोरडी बाटली घ्या, एक तृतीयांश मका भरा, दोन-तीन चमचे मीठ टाका, झाकण घट्ट लावून मिनिटभर हलवा आणि पाव तास ठेवून द्या. काचेला मीठ चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. मका परत उन्हात.

नाही चिकटलं तरी लगेच कोठीकडे धावू नका. मीठ फक्त १५ ची रेघ दाखवतं, तुम्हाला १३ च्या खाली जायचंय. त्यानंतर दोन कडक उन्हं आणखी द्या. आभाळ असेल तर ते दिवस धरायचे नाहीत. नमुना नेहमी ढिगाच्या तळातून आणि मधून घ्यायचा, आणि दाणा गार झाल्यावर.

भरतानाही गरम दाणा नको. पत्र्याची कोठी रात्री गार पडते, आतली वाफ झाकणाखाली साचते आणि वरचा वीतभर मका सडतो. सावलीत पसरून गार करा, मग भरा. कोठी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब. कडुनिंबाचा पाला टाकायचा तर टाका, पण ओल्या दाण्यातली बुरशी त्याने थांबत नाही.

आणि कृपा करून ‘धुऊन, ऊन दाखवून, भाजून खा’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. बुरशी मरते, विष दाण्यात तसंच राहतं. ते मोडायला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. भाकरीचं आतलं पीठ शंभराच्या वर जात नाही. १९७४ मध्ये नंदुरबारच्या वरच्या अंगाला, गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत, पावसात भिजून बुरसलेला मका खाण्यात आला. रोज मक्यावरच जगणारी आदिवासी कुटुंबं ती. काविळीने शंभरहून जास्त माणसं गेली. धान्यात कायद्याने किलोमागे १५ मायक्रोग्रॅमपर्यंतच हे विष चालतं. एवढंसं डोळ्याला काय दिसणार?

महिन्यातून एकदा कोपरापर्यंत हात घालून बघा. आत ऊब लागली किंवा कुबट वास आला तर कोठी त्याच दिवशी रिकामी करा. बुरसलेला भाग, आणि त्याला लागून असलेला चांगला दिसणारा दाणासुद्धा, खड्डा करून पुरा. गाई-म्हशींना घालू नका, ते विष रूप बदलून दुधात उतरतं आणि तेच दूध घरातली पोरं पितात. कोंबड्यांनाही नाही. चांगल्या मक्यात मिसळून बाजारात तर अजिबात नाही.